मिसेस ब्रांटचा टीव्ही

ही घटना खरी आहे. माझी व्हर्ना आत्या खोटं बोलणाऱ्यांतली नाही. आजही हे सांगताना तिच्या हातातला घास ताटात परत जातो.

ऑगस्ट १९५७. अमेरिकेतल्या डेटन शहराजवळची नवी वसाहत. सगळी घरं एका साच्यातली.

शेजारच्या घरात मिसेस ब्रांट एकट्या राहायच्या. त्या आठवड्यात त्यांचा टीव्ही दिवसरात्र चालू होता. व्हर्नाने वैतागून खिडक्या लावून घेतल्या. मग वास येऊ लागला. तिला वाटलं, बाईंनी कचरा बाहेर काढलेला नाही.

नवव्या दिवशी पोलिसांनी दार फोडलं.

बाई खुर्चीतच होत्या... मांडीवर जेवणाचा ट्रे. समोर टीव्ही चालूच.

महिन्याभराने त्यांच्या भाच्याने सामान विकायला काढलं. आत्याचा नवरा डेलबर्ट तोच टीव्ही स्वस्तात उचलून घरी घेऊन आला.

"अरे, त्याच्यासमोर नऊ दिवस ती..." व्हर्नाला पुढे बोलवेना.

"मग? पुसून घेऊ की."

संध्याकाळी साडेसहाला टीव्ही लावला. तो हळूहळू तापला. आणि...

तोच वास. गोडसर, कुजका. जिभेला चिकटणारा.

डेलबर्टला मात्र कसलाच वास येत नव्हता. त्याने तिलाच वेड्यात काढलं.

व्हर्नाने टीव्ही सोड्याने घासला, व्हिनेगरने पुसला. उपयोग शून्य. बंद केला की वास जायचा, लावला की यायचा.

चौथ्या संध्याकाळी डेलबर्ट टीव्हीसमोर जेवत होता. ट्रेमध्ये टर्कीचं मांस आणि मटार. व्हर्ना नाकाला रुमाल लावून बसली होती.

अचानक टीव्हीचा आवाज गेला. चित्र तसंच.

त्या शांततेत तिला चावण्याचा आवाज ऐकू आला...

दोन तोंडांचा.

ती तर जेवतच नव्हती.

तिने ट्रेकडे पाहिलं. मटारांत काहीतरी पांढरं वळवळत होतं. डेलबर्टने त्याचाच चमचा भरला.

"थुंक. डेल, थुंक ते!"

तो शांतपणे चावत राहिला. "इतकं चवदार तू कधीच केलं नव्हतंस," म्हणाला.

तिने प्लग ओढला. ट्रे तोवर चाटूनपुसून लख्ख झाला होता. व्हर्ना मोरीपर्यंतही पोचली नाही, गालिच्यावरच ओकली.

दुसऱ्या दिवशी तिने टीव्ही कचरा डेपोत नेला आणि विटेने त्याची काच फोडली. वास परत आला नाही.

पण डेलबर्टला पुढे कुठलंच जेवण आवडलं नाही. बत्तीस वर्षं त्याने तिच्या हातचं नावं ठेवतच खाल्लं.

शेवटी हॉस्पिटलमध्ये त्याला पाणीही पचेना. आत्याने विचारलं, काही खावंसं वाटतं का?

"तेच, त्या संध्याकाळचं," तो म्हणाला. "आणि दोन ट्रे आण. तिलाही लागेल."

ती कोण, हे विचारायची आत्याची हिंमत झाली नाही.

खोलीत त्या दोघांशिवाय कुणीच नव्हतं.