न कळलेला धडा

पहिल्याच भेटीत त्याने तिला ‘काकू’ म्हणून हाक मारली. आता पंचविशीतल्या मुलीला कुणी काकू म्हटलं तर तिचा पारा चढणारच की! पण बिचाऱ्याचा तरी काय दोष? स्वतःच्याच चष्म्यावर बसून त्याने काडी निखळवली होती आणि चाचपडत चाचपडत तो तिच्या चष्म्याच्या दुकानात शिरला होता.

“काकू, जरा बघता का? मला तासाला उशीर होतोय.”

तिने काडीला नवा स्क्रू बसवला, काचा पुसल्या आणि चष्मा आपल्या हाताने त्याच्या नाकावर ठेवला. त्याने समोर पाहिलं... आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

“सॉरी हं... म्हणजे — काकू नाही.”

“दिसायला लागलं वाटतं,” ती म्हणाली. “कसला तास?”

“समोरच्या इमारतीत पोर्तुगीज शिकवतो मी.”

पोर्तुगीज! तिची ताई लग्न करून पोर्तुगीज बोलणाऱ्या घरी गेली होती. तिथली चिमुरडी भाची फोनवर चिवचिव करायची आणि मावशीला ओ की ठो कळायचं नाही. नुसतं ‘हो गं सोन्या’ म्हणून वेळ मारून न्यायची. कधीपासून तिच्या मनात होतं, शिकायचं म्हणून. त्याच आठवड्यात तिने क्लासला नाव घातलं. भाचीसाठीच हो, दुसरं काय!

त्या क्लासच्या मोठ्या बाईंचा एक नियम होता. ज्याला धडा कळला नाही, त्याने बाकीचे गेल्यावर मागे थांबायचं आणि मास्तरांनी तो कळेपर्यंत पुन्हा शिकवायचा. बाहेरच्या खोलीत बाई चहा पीत बसायच्या, दार उघडं ठेवून.

काही दिवस सगळं सुरळीत चाललं. मग आला विशेषणांचा धडा.

“शाळेत अधिविशेषण आणि विधिविशेषण होतं, आठवतंय?” मास्तरांनी विचारलं. अख्ख्या वर्गाने माना खाली घातल्या. “बरं, असू दे. ‘दमलेली मुलगी आली.’ इथे ‘दमलेली’ मुलीला चिकटून आहे. पोर्तुगीजमध्ये विशेषण बहुतेक वेळा नामाच्या नंतर येतं, आ मेनीना कान्सादा शेगो, कान्सादा म्हणजे दमलेली, पण चिकटलेलं ते चिकटलेलंच. आता म्हणा, ‘मुलगी आली ती दमलेली.’ आ मेनीना शेगो कान्सादा. इथे आपण मुलगी कोणती ते सांगत नाही, ती आली तेव्हा कशी होती ते सांगतो. त्या विशेषणाला क्रियापदापलीकडे स्वतःची जागा मिळाली.”

मग त्याने ओळखायची युक्ती सांगितली. नामाच्या जागी सर्वनाम घालून बघायचं. ‘त्याने निळा चष्मा घेतला’चं होतं ‘त्याने तो घेतला.’ निळा गेला नामाबरोबर. पण ‘त्याला चष्मा जड वाटला’चं होतं ‘त्याला तो जड वाटला.’ जड जागच्या जागी राहिला.

तिला लख्ख कळलं. पहिल्या फटक्यात कळलं.

“कुणाला नाही कळलं?” त्याने विचारलं. विचारताना चष्मा बोटाने वर सरकवला, आणि नजर नेमकी तिच्यापाशी येऊन थांबली. तिचा हात आपोआप वर गेला.

“मला नाही कळलं, सर.”

झालं! त्या दिवसापासून ती रोज मागे थांबायला लागली. तो रोज नवी उदाहरणं घेऊन यायचा आणि ती रोज गोड चेहऱ्याने चुकायची.

“‘हसरी बाई दुकानात बसते.’ सांगा, हसरी कशाला चिकटलंय?”

“दुकानाला?”

“अहो, दुकान कसं हसेल?”

“तुम्ही रोज तिथून वाकून बघत जाता ना... दुकानालाही हसू येत असेल.”

तो पुन्हा लाल व्हायचा. खडू हातातून निसटायचा. ती तो उचलून द्यायची, बोटाला बोट लागायचं, आणि दोघंही फळ्याकडे बघायची... फळ्यावर काय लिहिलंय ते मात्र कुणालाच दिसायचं नाही. घरी जाताना ती स्वतःशीच हसायची. आई विचारायची, “आज काय शिकलीस गं?” आणि ही म्हणायची, “काहीच नाही!”

पण मस्करीची कुस्करी कधी होते ते कळत नाही. एका संध्याकाळी तो आला तो पडलेल्या चेहऱ्याने. उदाहरणं नव्हती, खडूही हातात घेतला नाही.

“आज शेवटचा दिवस आपला,” तो म्हणाला. “उद्यापासून बाई तुम्हाला शिकवतील.”

“का? तुम्ही कुठे निघालात?”

“दादाच्या रंगाच्या दुकानात. मीच बाईंना सांगितलं, मला शिकवता येत नाही.” तो खाली बघत बोलत होता. “वहिनीला समजावून बघितलं, तिला कळलं. शेजारच्या काकांनासुद्धा कळलं. म्हणजे धडा अवघड नाही. तुमच्यासारख्या हुशार मुलीला कळेना, म्हणजे खोट माझ्यातच आहे ना? लहानपणापासून मास्तरच व्हायचं होतं मला. जाऊ दे...”

तिने वही मिटली. अगं बाई, हे काय करून बसलो आपण! आपल्याला अर्धा तास जास्त मिळावा म्हणून या भल्या माणसाचा जीवच काढून घेतला. आता खरं सांगावं तर तो तोंडही बघणार नाही. न सांगावं तर तो जन्मभर रंगाचे डबे विकत स्वतःला ‘ढ’ समजणार.

ती उठली आणि तरातरा बाहेरच्या खोलीत गेली. तो “अहो, अहो” करत मागे.

“बाई, मला तो धडा पहिल्याच दिवशी कळला होता,” ती एका दमात म्हणाली. “काय हवं ते विचारा!”

बाईंनी कप खाली ठेवला आणि विचारलंच. पोर्तुगीजमध्ये, एकामागून एक, चांगली कसून परीक्षा घेतली. चिकटलेलं कोणतं, सुटं कोणतं, सर्वनाम घातल्यावर काय जातं, काय उरतं. ती धडाधड सांगत गेली, कुठेही न अडखळता.

“इतकं स्वच्छ कुणी शिकवलं?” बाईंनी विचारलं.

“सरांनी. एकदाच शिकवलं, तेवढं पुरलं.”

“मग रोज मागे कशाला थांबत होतीस?”

तिची नजर आपसूक मास्तरांकडे गेली. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि कप घेऊन त्या आत गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, “मास्तर, उद्या वेळेवर ये. रंगबिंग काही विकायचा नाही.”

खोलीत दोघंच उरली. तो भिंतीला टेकून उभा होता.

“माझी झोप उडवलीत तुम्ही,” तो म्हणाला. हसत नव्हता. “मला खरंच वाटलं, मी नालायक आहे.”

“चुकलं माझं. फार चुकलं.” तिचे डोळे भरून आले. “मला वाटलं, कळलं म्हणाले तर तुम्ही ‘या आता’ म्हणाल. आणि मला... मला जायचं नव्हतं हो. तुम्ही आवडता मला. रागवा, बोलू नका, पण शिकवणं सोडू नका.”

मग त्याने खिशातून रुमाल काढून तिच्यापुढे धरला.

“म्हणजे उद्यापासून तुम्हाला मागे थांबायचं काही कारण नाही.”

“नाही,” ती रुमालातच म्हणाली.

“मग...” त्याने चष्मा बोटाने वर सरकवला, “उद्या बिनकारण थांबाल?”

तिने रुमाल बाजूला केला. आता मात्र तो हसत होता, कान लाल करून.

“थांबेन की,” ती म्हणाली. “पण खरं सांगू? वहिनींना भेटायचंय मला. माझ्यापायी बिचारीला व्याकरण शिकावं लागलं!”

“तीसुद्धा रोज विचारते,” तो म्हणाला. “म्हणते, एवढी कोण रे ती, जिच्यासाठी तू जेवायचं विसरतोस? मी अजून उत्तर दिलं नाही. आज देऊ?”

“द्या,” ती म्हणाली.