सकाळी अकराचं खवल्या मांजर

आमच्याच गाडीला अपघात झाला तेव्हा मी झोपले होते, हे ऑफिसात कळलं तर मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. कारण माझं कामच ते. ठोकलेल्या गाड्या बघायच्या आणि गाडीवाला सांगतोय ते खरं की थाप, हे विमा कंपनीला कळवायचं. कुत्रं आडवं आलं, बैल आडवा आला, एकदा तर पतंग आडवा आला... सहा वर्षांत मी सगळं ऐकलंय. घरी मला फौजदार म्हणतात ते उगाच नाही.

त्या दिवशी घाटात धुकं होतं. बाबा गाडी चालवत होते. शेजारी मावशी. तिला घाट लागतो, म्हणून डोळ्यांवर ओला रुमाल टाकून बसलेली. मागे आई पिशवीत डोकं घालून चहाचा थर्मास शोधत होती आणि मी खिडकीला टेकून गाढ झोपेत. अभयारण्याचं फाटक चार किलोमीटरवर राहिलं होतं. एकदम धक्का बसला, काच फुटल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ मावशीचं "आई गं..."

डोळे उघडले तर आमची गाडी रस्त्यात तिरकी, पुढचा एक दिवा फुटलेला. समोर एक हिरवी जीप, डोंगराकडच्या चरात चाक घालून कललेली. तिच्यातून एक उंच माणूस उतरला. ओले केस कपाळावर आलेले, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. तो आधी बाबांच्या खिडकीशी गेला. वाकून त्यांच्याकडे बघत राहिला — जरा जास्तच वेळ. त्यांच्या चेहऱ्याच्या बाजूला हात नेला, परत घेतला. मग सरळ उभा राहून म्हणाला,

"चूक माझी आहे. खवल्या मांजर आडवं आलं. त्याला वाचवायला गेलो."

बाबा समोरच बघत होते. हात स्टिअरिंगवर तसेच.

"कुठे गेलं?" मी उतरत विचारलं.

"कोण?"

"मांजर."

"गेलं... झाडीत."

"कुठल्या?"

त्याने माझ्याकडे बघितलं. तपकिरी, शांत डोळे, आणि त्या शांतपणामागे काहीतरी झाकलेलं. असे डोळे मी पुष्कळ पाहिलेत. इतके चांगले नाही, हे कबूल.

"पोलिसात आहात का तुम्ही?"

"त्याहून वाईट. विम्यात."

तो हसला. गालाला एकाच बाजूने खळी पडत होती. तीसुद्धा मला संशयास्पद वाटली.

तो अभयारण्यातल्या जनावरांचा डॉक्टर निघाला. फाटकावरच्या माणसांनी दोर लावून त्याची जीप वर काढली. आमचा रेडिएटर गळत होता, म्हणून त्याने गाडी ओढत विश्रामगृहापर्यंत नेली. दोन खोल्या, लोखंडी खाटा, माकडांसाठी खिडकीला जाळी. खालच्या गावातला मेकॅनिक नवा रेडिएटर घेऊन परवा येईल, असं त्याने फोन करून सांगितलं. फोन करताना मात्र तो व्हरांड्याच्या पार टोकाला गेला आणि आमच्याकडे पाठ करून हळू आवाजात बोलला.

"किती गुणी मुलगा आहे," मावशी म्हणाली. "स्वतःची चूक आहे म्हणतो आणि वर आपलीच सरबराई करतो."

"म्हणूनच विचारतेय. का करतो?"

"तुझ्याशी कुणी चांगलं वागायचीसुद्धा चोरी झाली बाई."

संध्याकाळी मी चहाचे कप ठेवायला बाहेर आले तर बाबा आणि तो पायरीवर बसले होते. बाबा म्हणत होते, "फौजदाराला कळता कामा नये." माझी चाहूल लागताच दोघे गप्प. आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं — बाबांनी गाडीची किल्ली काढून त्याच्या हातात दिली आणि त्याने ती खिशात घातली.

त्या क्षणी माझा संशय दुधासारखा उतू गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आम्हाला जीपमधून जंगल दाखवायला घेऊन निघाला. मी मुद्दाम त्याच्या शेजारी बसले. आरोपी नजरेआड होऊ द्यायचा नसतो.

"गाडी चालवताना डुलकी लागते का तुम्हाला?"

"नाही."

"मोबाइल बघता?"

"रेंज फक्त विश्रामगृहावर येते. घाटात नाही."

"मग... घेता का थोडी?"

"सकाळी अकराला? सांबरं काय म्हणतील?"

मागे मावशी खुसखुसली. मी हसायचं नाही असं ठरवलं होतं, म्हणून बाहेर बघितलं. बाहेर ओली पानं जीपच्या कडेला घासत होती आणि प्रत्येक फांदी जाता जाता माझ्या बाहीवर थोडं पाणी झटकत होती.

"तुम्ही सगळ्यांचीच अशी उलटतपासणी घेता," तो म्हणाला, "की मीच खास?"

"खोटं बोलणाऱ्यांचीच घेते."

"म्हणजे खासच."

तळ्याशी त्याने इंजिन बंद केलं. बोट ओठांवर ठेवून पलीकडे दाखवलं. धुक्यात एक सांबर उभं होतं, मान वर करून, कान आमच्याकडे लावून. त्याने दुर्बीण शर्टाच्या टोकाने पुसली, माझ्या हातात दिली आणि माझ्या बोटांवरूनच तिचं चाक फिरवलं. "दिसलं?" तो कुजबुजला. दिसलं होतं... पण मी "अजून नाही" म्हटलं. त्या दिवशी थाप मारणारा तो एकटाच नव्हता.

परत येताना आम्ही शाळेच्या सहलींसाठी केलेल्या माहितीच्या खोलीत थांबलो. भिंतीवर रंगवलेले फलक होते. आई आणि मावशी सापांपुढे उभ्या राहिल्या, बाबा बाकावर टेकले आणि मी एका फलकापुढे थबकले. *खवल्या मांजर. दिवसभर बिळात झोपते. रात्री मुंग्या-वाळवीच्या शोधात बाहेर पडते.*

"डॉक्टर," मी हाक मारली. "हा फलक कुणी लिहिला?"

"मीच."

"अक्षर छान आहे."

"थँक्यू."

"आपण काल किती वाजता भेटलो?"

त्याने फलक वाचला. मग बुटांकडे बघितलं. त्याचे कान हळूहळू लाल झाले. इतका कच्चा लबाड मी नोकरीत कधी पाहिला नव्हता.

"मला त्या वळणावर न्या," मी म्हणाले. "आत्ता."

बाकीच्यांना विश्रामगृहावर सोडून आम्ही निघालो. वळण सुनसान होतं. एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला डोंगर. आम्ही वर येत होतो, म्हणजे दरीकडची बाजू आमची. तो खाली उतरत होता, डोंगराकडची त्याची. मी रस्त्यावर उकिडवी बसले.

"काचा उडतात, सरकतात," मी सांगत होते. गंमत म्हणजे त्याला शिकवायला मला आवडत होतं. "पण मडगार्डच्या आत वाळलेला चिखल असतो ना, तो धक्का बसतो तिथेच बदकन पडतो. गाड्या कुठे भिडल्या ते चिखल सांगतो. आणि तो इथे..."

चिखलाची ढेकळं डोंगराच्या कडेला पडली होती. आमच्या दिव्याच्या काचाही तिथेच. मी खूश होऊन उठले. चोर सापडला. आणि मग चोर कोण ते माझ्या लक्षात आलं.

"ही तुमची बाजू आहे," मी म्हणाले.

"हो."

"तुम्ही तुमच्याच बाजूने येत होता. आम्ही... बाबा इकडे आले होते."

त्याने बुटाने एक काच रस्त्याच्या कडेला सरकवली.

"सांगा की."

"त्यांना बाजूचं दिसत नाही," तो हळू म्हणाला. "काल खिडकीतून मी हात त्यांच्या कानाजवळून पुढे आणला. पापणीसुद्धा हलली नाही. जनावरं काय होतंय ते सांगत नाहीत, त्यामुळे आम्हाला असंच बघायची सवय. काचबिंदू आहे, संध्याकाळी त्यांनीच सांगितलं. समोरचं तेवढं दिसतं, नळीतून बघितल्यासारखं. चार महिन्यांपूर्वी कळलंय त्यांना. एकटेच जाऊन आले डॉक्टरकडे."

धुकं आमच्या मधून सरकत गेलं.

"आणि तुम्ही मांजर उभं केलंत."

"त्यांचा चेहरा बघितला. मागे तुम्ही सगळ्या... तोंडाला आलं ते बोललो."

"ते तोंडाला आलेलं आमच्या जिवावर बेतलं असतं, कळतंय?" माझा आवाज चढला. "उद्या त्यांनी याच घाटातून गाडी खाली नेली असती. चार माणसं. आणि तुम्ही चांगुलपणा करून हात हलवत उभे राहिला असता."

"नसतो राहिलो." त्याने खिशातून किल्ली काढून माझ्या तळहातावर ठेवली. "काल संध्याकाळी मी त्यांच्याकडून ही मागून घेतली. मेकॅनिक आजच येणार होता, त्याला मीच उद्या ये म्हटलं. बाबा म्हणाले, मला एक दिवस द्या, मी माझ्या तोंडाने सांगेन. उद्या सकाळच्या चहापर्यंत. नाही सांगितलं तर मी सांगणार, हे त्यांना सांगून ठेवलंय."

"तुम्ही मला कालच सांगायला हवं होतं."

"हो."

"निदान आज सकाळी."

"हो. पण वडिलांनी मुलीला सांगायची गोष्ट... ती परक्याने आधी सांगावी का, ते मला कळेना."

धुक्यात डोळे पुसले तर दिसत नाही, अशी माझी समजूत होती. तो वळून दरीकडे बघायला लागला. म्हणजे दिसलं होतं.

"आता जाऊन विचारणार त्यांना?" त्याने पाठमोऱ्यानेच विचारलं.

मी किल्ली मुठीत घट्ट धरून जीपमध्ये जाऊन बसले.

त्या संध्याकाळी मी कुणालाही एक प्रश्न विचारला नाही. जेवताना बाबांचा हात लागून डावीकडचा पेला आडवा झाला. मी उठून पाणी पुसलं आणि पेला पुन्हा भरून त्यांच्या समोर ठेवला. मावशीने माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं.

सकाळी व्हरांड्यात चहा झाला. डॉक्टर आला, खांबाला टेकून उभा राहिला. बाबा हवेबद्दल बोलले. मग माकडांबद्दल. कपात दोन घोट उरले होते. किल्ली माझ्या मुठीत रुतत होती. मला वाटलं, नाही सांगणार. आयुष्यभर लोकांच्या थापा पकडल्या आणि घरातल्या माणसाला पकडायची वेळ आली.

बाबांनी कप खाली ठेवला.

"फौजदार," ते म्हणाले, "मांजर-बिंजर काही नव्हतं. मीच आडवा आलो होतो."

मग त्यांनी सगळं सांगितलं. दरीकडची कड दिसेना म्हणून ते गाडी आत आत घेत गेले. जीप दिसली ती नाकासमोर आल्यावर. "तीस वर्षं तुम्हा सगळ्यांना मी फिरवलं," ते म्हणाले. "वाटलं, एवढी एक सहल करावी आणि मग गाडी सोडावी. मूर्खपणा झाला माझा. तुम्हाला मारलं असतं मी."

मग आई म्हणाली, "चार महिन्यांत सात पेले सांडलेत तुम्ही. मला वाटायचं, हात थरथरतोय. मी आपली घाबरून गप्प." तिने बाबांचा हात हातात घेतला. "आपण दोघं एकाच घरात राहतो ना हो?"

मी उठून बाबांच्या खांद्यावर डोकं टेकलं. सोमवारची डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ मी त्यांच्यासमोर बसूनच घेतली.

दुपारपर्यंत गाडी तयार झाली. गाडी घाटातून मीच उतरवणार होते. मी त्याआधी कधी घाटात गाडी चालवली नव्हती, हे त्या गडबडीत मी कुणाला सांगितलं नाही. पण डॉक्टरने माझ्या हाताकडे बघितलं आणि मावशीला म्हणाला, "मावशी, तुम्ही मागे बसता का? मी पायथ्यापर्यंत येतो. परत बसने जाईन."

मावशी इतक्या चटकन मागे गेली की तिला घाट लागतो हे तीही विसरली.

पूर्ण घाटभर तो फक्त "दुसरा गिअर" आणि "हॉर्न द्या" एवढंच म्हणाला. एकदा मी म्हटलं, "गप्प का?" तर म्हणाला, "तुम्ही ओठ चावून गाडी चालवता. बघत होतो." पुढच्या वळणावर माझा गिअर चुकला.

पायथ्याच्या बस थांब्यावर तो उतरला. मीही उतरले. गाडीच्या काचा बंद होत्या, तरी मागच्या सीटवर तिघांचे कान आमच्याकडे आहेत हे मला पाठीलाही कळत होतं.

"तुमचं लग्न झालंय?" मी विचारलं. मला आडून विचारता येत नाही.

"नाही."

"ठरलंय?"

"नाही."

"कुणी आहे?"

"परवा अकरा वाजेपर्यंत नव्हतं."

मी बसच्या वेळांचा फलक वाचू लागले. त्याच्यावर एकच बस होती, ती मी तीनदा वाचली.

"मी रविवारी तुमच्याकडे आलो तर?" त्याने विचारलं.

"कशाला?"

"सोमवारी बाबांची तपासणी आहे ना..." तो थांबला. डोळे मिटून उघडले. "नाही. पुन्हा थाप नको. तुम्हाला भेटायला. तुम्ही उकिडव्या बसून चिखल बघत होता ना काल, तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाहीये."

बस आली. दरवाजा उघडला. वाहक त्याच्या ओळखीचा असावा, तो आमच्याकडे बघून थांबून राहिला. मला विचारायला निदान दहा प्रश्न होते. त्यातला एकही आठवला नाही. "या" म्हणायला मी तोंड उघडलं...

"ये," मी म्हणाले. "लवकर ये."

त्याने पायरीवर एक पाय ठेवला होता. तो तसाच राहिला, आणि ती एका बाजूची खळी हळूहळू उमटली.

"येतो गं," तो म्हणाला.