चुलाणातले दगड

वल्हं थांबवू नका रे पोरांनो. ढवळता ढवळता ऐका. हा बर्गू, हा मांसाचा दाट रस्सा, एकदा का तळाला लागला, की उद्या सगळी टोलिव्हर काउंटी तुमच्या नावानं खडे फोडेल.

मघाशी जेसीनं विचारलं, की शेजारच्या गावांत दगडाची जुनी चुलाणं आहेत, मग आपलंच का असं विटांचं, दवाखान्याच्या भिंतीसारखं? सांगतो. माझ्या शेजाऱ्याची गोष्ट आहे, वर्लिन स्ट्राउडची. कुंपणाला कुंपण लागून घर होतं. त्याच्याकडे भांडं पडलं की मी खिडकीशी जायचो, हे माझी बायकोच चर्चमध्ये सांगत फिरते, तेव्हा आता काय लपवायचं? पण हे मला खिडकीतून नाही कळलं. त्यानं स्वतः सांगितलं, माझ्या ओसरीवर बसून. समोरच्या कॉफीवर साय धरली तरी त्यानं कप उचलला नाही.

वर्लिनला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. हे तुमच्या हातातलं वल्हं. हसू नका. तुमचे बाप, आजे रात्रभर हंडा ढवळत आलेत म्हणून तुम्हाला ते आयतं मिळालं. स्ट्राउडांना कधी मिळालं नाही. कारण समोरची ती टेकडी. तिथं पूर्वी काउंटीचं पुअर फार्म होतं. ज्याला कुणी नाही, म्हातारा झाला, वेडा झाला, अशा माणसाला तिथं नेऊन सोडायचे. वर्लिनची आजी झेला विधवा झाल्यावर तिथं गेली आणि तिथंच मेली. तिचा मुलगा क्लाइड, म्हणजे वर्लिनचा बाप, नातेवाइकांकडे वाढला. जन्मभर ह्या हंड्यासाठी लाकडं फोडायचा. पण वल्ह्याकडे हात नेला की कुणीतरी दात काढायचंच, "राहू दे, क्लाइड. फार्मवाल्याच्या हातचं खायचं म्हणजे आधी पोटाला विचारावं लागतं!"

आणि मग सगळे हसायचे. क्लाइडसुद्धा हसायचा. ते त्याचं हसणं बघवत नसे.

घरी जाऊन मात्र तो प्यायचा आणि एकच वाक्य घोळवायचा. "तेवीस नंबर. माझ्या आईचा त्यांनी तेवीस नंबर केला." वर्लिनला वाटायचं, तिच्या खाटेचा नंबर असेल.

तर चार वर्षांपूर्वी आपल्या इतिहास समितीनं ठरवलं, की टेकडीखालच्या छपराच्या पुलाला ऐतिहासिक म्हणून पितळी पाटी लावायची, आणि ती गावजेवणाच्या, बर्गूच्याच दिवशी. समितीचा अध्यक्ष गेलॉर्ड प्रुइट. तो तुम्हाला माहीतच आहे. दारातून आधी पोट येतं, मागून गेलॉर्ड. जुनं चुलाण तडकलं होतं. गेलॉर्ड वर्लिनला म्हणाला, "तू हाताचा चांगला आहेस. जुन्या वळणाचं, फोटोत शोभेल असं दगडी चुलाण बांधून दे. यंदा हंड्याचा कारभारी तू."

संध्याकाळी वर्लिन कुंपणाशी आला. डोळे भरलेले. म्हणाला, "बाबा असायला हवा होता."

दुसऱ्या दिवशी तो पिकअप घेऊन दगड शोधायला निघाला. ऊन छान होतं. सोबत बायकोनं, ओपलनं, दिलेलं सँडविच. पुलाच्या अलीकडे, टेकडीच्या पायथ्याशी काटेरी झुडपांत त्याला दगड सापडले. चपटे, घडवलेले, एका मापाचे. प्रत्येकावर छिन्नीनं कोरलेला आकडा, बाकी काही नाही.

आता पुलाच्या दगडांवर आकडे आहेत हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. गवंड्यांनी कुठला दगड कुठं बसवायचा म्हणून घातलेले. शाळेची सहल दरवर्षी तिथंच जाते, आणि मास्तरीण दरवर्षी त्या आकड्यांवर बोटं फिरवायला लावते. वर्लिनला वाटलं, पुलाचेच उरलेले दगड. दुसऱ्या काउंटीतला माणूस असता, तर त्यानं निदान विचार केला असता. आपल्याला तो करायचाच नव्हता, कारण उत्तर आधीच पाठ होतं.

गेलॉर्ड तर नाचायचा बाकी राहिला. "पुलाच्या दगडांवर बर्गू! अरे, वर्तमानपत्रात येईल."

ती रात्र सप्टेंबरातल्या दुसऱ्या शुक्रवारची. आजचीच म्हणा ना. हंडा चढला. मटण, कोंबड्या, डुकराचे खांदे, मका, कोबी. वर्लिननं वल्हं धरलं. जोडीला गेलॉर्ड. मध्यरात्रीपर्यंत दोघांचं बरं चाललं होतं.

"काय रे, हात धुतलेस ना?" गेलॉर्डनं डोळा मारला.

"धुतले."

"नाही, फार्मवाल्यांचं काही सांगता येत नाही. चिडू नकोस लेका, गंमत करतोय."

वर्लिन चिडला नाही. त्या रात्री त्याला कुणी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. एकच्या सुमाराला गेलॉर्ड पिकअपमध्ये पाठ टेकायला गेला आणि तिथून घोरणं ऐकू यायला लागलं. वर्लिन एकटा राहिला.

पहिल्यांदा वास बदलला.

बर्गूचा वास कसा, दाट, मिऱ्याचा. त्याच्या खालून दुसराच एक वास यायला लागला. बंद खोलीतल्या आजारी माणसाचा. ओल्या लोकरीचा. आणि जळक्या केसांचा... वर्लिनला वाटलं, कोंबडीचं पीस राहिलं असेल. त्यानं खाली वाकून पाहिलं. चुलाणाच्या दगडांना घाम फुटला होता. पाणी नव्हे. चरबी. हंडा उतू गेलेला नव्हता, तरी दगडांतून चरबी पाझरत होती, पिवळी, आणि विस्तवावर टपटप पडत होती.

त्यानं फडक्यानं पुसली. फडकं जड झालं. दगड पुन्हा ओले.

"बाळा, जाळ जरा कमी कर ना."

पलीकडे, उजेडाच्या काठावर एक म्हातारी उभी होती. करडा सुती झगा, अनवाणी. केसांची वेणी पुढं घेतलेली. वर्लिननं नाक आवळलं. तो वास तिच्या अंगाला होता.

"आजी, कुणाच्या घरच्या तुम्ही? एवढ्या रात्रीच्या..."

"जाळ कमी कर. डोक्याशी फार लागतो."

"मागं सरका मग. अंगावर उडेल." आता खरं सांगायचं, तर ती त्याला जवळ नको होती. तो मला म्हणाला, "तिची किळस आली रे. जन्मभर लोकांना आमची आली, तशीच." सकाळी गावभर वाढायचा हंडा, आणि ही अशी, नखांत माती, झग्याला काय काय लागलेलं... कुणी पाहिलं तर? स्ट्राउडानं फार्मवाल्या भिकारणीला हंड्याजवळ येऊ दिलं म्हणतील.

"उद्या दुपारी या," तो म्हणाला. "पास्टरनं प्रार्थना म्हटल्याशिवाय कुणाला देत नाहीत. आता जा."

"खायला नको मला." ती त्याच्याकडे निरखून बघत होती. "क्लाइडचा का तू? हनुवटी त्याचीच."

वर्लिनचं वल्हं थांबलं.

"तुम्ही... कोण?"

"नावानं कुणी हाक मारत नाही आता. तेवीस म्हणतात."

रातकिडे ओरडायचे थांबले. गेलॉर्डचं घोरणंही. नुसता हंडा रटरटत होता.

वर्लिननं खाली पाहिलं. नको वाटत होतं, तरी पाहिलं. त्याच्या बुटासमोरचा दगड. मधोमध जाळ लागलेला. चरबीनं चकचकणारा. त्यावर दोन आकडे.

दोन... आणि तीन.

खाटेचा नंबर नव्हता तो. थडग्याचा होता. बापानं सांगितलं होतं ते खरं तर इतकंच होतं, आणि ह्याला ते आता कळत होतं. फार्मवाल्यांना थडग्यावर नावाचा दगड मिळत नसे, नुसता नंबर. आणि फार्मची जमीन गवतासाठी विकली, तेव्हा कुणीतरी यंत्र फिरवून ते सगळे दगड उतारावर लोटून दिले. काट्यांत. पुलाजवळ.

त्यानं बाकीच्या दगडांकडे पाहिलं. प्रत्येकावर आकडा. प्रत्येकाच्या मागं, अंधारात, कुणीतरी उभं.

आता ऐका. त्याला फक्त जाळ ओढायचा होता. पाण्याची बादली पायाशी होती. एक बादली ओतली असती... पण हंडा गार झाला असता. सकाळी गाव जमलं असतं आणि कच्च्या मांसाकडे बघून म्हणालं असतं, बघा, फार्मवाल्याला दिलं की काय होतं. त्याचा बाप जन्मभर लाकडं फोडत राहिला तो ह्यासाठी?

"आजी," तो म्हणाला, "फक्त सकाळपर्यंत."

तिनं वेणी हातात घेतली.

"फक्त सकाळपर्यंत, आजी. मग मी स्वतः..."

ती खाली बसली. दगडाजवळ. वेणी हंड्याच्या काठावर टाकली... आणि वर्लिन ढवळत राहिला. वल्हं जड झालं. वर काढलं. वल्ह्याला केस गुंडाळलेले. करडे. लांब. त्यानं ते हातानं ओढून काढले, विस्तवात टाकले. पुन्हा ढवळलं. पुन्हा केस. पुन्हा काढले. उजाडेपर्यंत.

उजाडलं तेव्हा तिथं कुणी नव्हतं.

दुपारी पाटीचं अनावरण झालं. गेलॉर्डनं भाषण ठोकलं. ह्या मातीत घाम गाळणाऱ्या थोर घराण्यांची नावं त्यानं एक एक करून घेतली. टेकडीचं नाव त्यात नव्हतं, आणि ते नाही ह्याची आठवणही कुणाला झाली नाही. मग वाडगे घेऊन रांग लागली.

आणि बर्गू कसा झाला होता म्हणून सांगू! तसा कधी झाला नव्हता. दाट, गोडसर, ओठाला ओठ चिकटतील असा. मी दोन वाडगे खाल्ले. लोक बोटं चाटत होते, हनुवटीवरून ओघळ पुसत होते, वाडगे ब्रेडनं पुसून पुन्हा रांगेत उभे राहत होते. वर्लिन वाढत होता. चेहरा मेणासारखा. लोक त्याची पाठ थोपटत होते. "स्ट्राउड, कमाल केलीस रे! इतकी वर्षं कुठं होतास?"

गेलॉर्डच्या दातांत काहीतरी अडकलं. त्यानं दोन बोटांनी धरलं आणि ओढलं. केस. करडा. ओढत गेला... येतच गेला. कोपरापर्यंत आला. बायका तोंड फिरवून उभ्या राहिल्या.

"वर्लिन, तुझ्या ओपलनं वेणीच घातली वाटतं ह्यात!" म्हणून तो हसला. पण ओपल शेजारीच उभी होती, तिचे केस तांबडे आणि कानापर्यंत कापलेले. हसणं अर्ध्यात थांबलं. त्यानं केस गवतात पुसला, इकडं तिकडं पाहिलं... आणि वाडगा पुढं केला. तिसऱ्यांदा.

हे मला सगळ्यात ओंगळ वाटतं बघा. भुतापेक्षा.

आठवडाभर ती चव गेली नाही. टाळूला चरबीचा थर. मी खरखरीत मिठानं तोंड धुतलं, व्हिस्कीनं धुतलं. सकाळी फोन केला की जो तो सांगायचा, घसा जरा धरलाय. औषधाच्या दुकानात चुळा भरायच्या बाटल्या संपल्या. पण तोंडातून खरं कुणी काढलं नाही. कसं काढणार? स्वतःच्या हातानं वाडगा भरून घेतला होता.

वर्लिननं एकट्यानं चुलाण फोडलं. दगड एक एक करून टेकडीवर नेले, सरळ रांगेत रोवले. नंबराखाली कुणाचं काय नाव, हे आता सांगणार कोण? एकाचं मात्र त्याला ठाऊक होतं. त्यानं छिन्नी घेतली आणि तेविसावर तिचं नाव कोरलं. झेला स्ट्राउड. मग माझ्या ओसरीवर आला आणि हे सगळं सांगितलं. त्यानंतर त्यानं वल्ह्याला हात लावला नाही. मांसही सोडलं. पुढच्या वसंतात घर विकून ओपलच्या माहेरगावी निघून गेला.

जाताना मला म्हणाला, "अधूनमधून बघून येत जा."

म्हणून मी जातो. ह्या जानेवारीतही गेलो. रात्री असं कडाक्याचं हिव पडलं होतं, की माझ्या दाराची कडी हाताला चिकटली. टेकडीवर सगळं पांढरं. प्रत्येक दगडावर हिवाचा जाड थर.

एका दगडावर नव्हता.

मी हातमोजा काढला. झेलाच्या नावावर हात ठेवला. दगड गरम होता रे... चुलाणातून आत्ताच काढल्यासारखा. हाताला चरबी लागली.

आणि त्या नावावर, भर जानेवारीत, एक हिरवी माशी बसली होती. पाय चोळत.