आबांचा होकार

डोंगरकडा गावातल्या आमच्या दारात तो बॅग घेऊन उभा राहिला, आणि मला वाटलं, आला परभणीचा मुलगा! फोटोसुद्धा धड बघितला नव्हता मी. डोकं आधीच फिरलेलं.

"हे बघा, मला हे लग्न करायचं नाही. चहा घ्या अन् निघा," एका दमात बोलून मी मोकळी झाले.

तो पाऊलभर मागे सरकला. "चहा चालेल... पण मी अनिरुद्ध, स्पीच थेरपिस्ट. अमृतरावांची वाचा तपासायला आलोय."

मेले मी लाजेनं!

अमृतराव म्हणजे माझे वडील, आमचे आबा. दोन महिन्यांपूर्वी त्यांना लकवा मारला. उजवा हात लुळा पडला, बोलणं गेलं, उरला एकच शब्द — व्हय. त्या एका शब्दावर माणिककाकांनी माझं लग्न ठरवलं. "दादा, देऊ ना ताराला परभणीला?" "व्हय." झालं! परवा सुपारी फुटणार होती. माझा पाय घरात ठरत नव्हता. मला न विचारता आबा हो म्हणाले, याचीच जास्त आग होत होती.

अनिरुद्ध आबांसमोर मांडी घालून बसला. "तुमचं नाव अमृतराव?"

"व्हय."

"तुमचं नाव गोपाळ?"

"व्हय."

"शेतात हळदीची लागवड दिवाळीत करतात?"

"व्हय," म्हणाले आबा, अन् स्वतःवरच चिडून त्यांनी डावा हात मांडीवर आपटला.

"अहो आबा, न्हाई—" मी मधे पडले.

"तुम्ही सांगायचं नाही," तो हळूच म्हणाला. "नाहीतर तुम्हालाच तपासावं लागेल."

"तपासा की! माझी जीभ शाबूत आहे."

"ते दारातच कळलं." हसला मेला. माझे कान तापले.

मग त्यानं दोन कार्डं ठेवली. एकावर बरोबरची खूण, एकावर फुली. तसेच वीस प्रश्न, उलटसुलट. आबांच्या डाव्या हाताचं बोट एकदाही चुकलं नाही.

"त्यांना सगळं समजतंय," अनिरुद्ध म्हणाला. "पण तोंडातून निघणारं 'व्हय' त्यांच्या ताब्यात नाही."

मी धावतच काकांना घेऊन आले.

"काहून ओढून राहिली, पोरी?"

"आबा..." मी दोन्ही कार्डं त्यांच्यापुढे सरकवली. "परभणीचं स्थळ तुम्हाला पसंत आहे?"

"व्हय," तोंड म्हणालं. बोट फुलीवर गेलं.

काकांनी कार्डांची अदलाबदल करून स्वतः विचारलं. बोट पुन्हा फुलीवर. आबा रडत होते, मीही.

"दादा, मला काय म्हाईत... मी तुमचं व्हय ऐकून समदं करून राहिलो होतो," काका खालीच बसले. त्याच संध्याकाळी त्यांनी परभणीला फोन करून नकार कळवला.

तगमग संपायला हवी होती ना? कुठली! आता अनिरुद्ध दर गुरुवारी यायचा, आणि मला बुधवारपासूनच चैन पडायचं नाही.

चौथ्या गुरुवारी तो म्हणाला, "पुढच्या वेळेपासून माझ्याऐवजी निलम मॅडम येतील."

"काहून? आमचं काही चुकलं?"

"माझं चुकतंय. पेशंटच्या घरी यायचं... आणि लक्ष पेशंटच्या मुलीकडे. हे बरं नाही. म्हणून केस सोडली." तो उगाच बॅगेची चेन ओढत होता.

"म्हणजे आता येणारच नाही?"

"येईन की... आईवडिलांना घेऊन. अमृतरावांना विचारायला."

"आबांना नंतर," मी म्हणाले. "आधी मला विचारा."

त्यानं विचारलं. अन् मी घरभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं हो म्हणाले.