रिकाम्या खोलीचं मीटर

चाकणला आमच्या मालकांनी, सोपानरावांनी, चाळीतल्या प्रत्येक खोलीला वेगळं सबमीटर बसवलं. स्वस्तातलं, पण हुशार. कोणाकडे किती वीज जळते ते त्यांना घरबसल्या मोबाइलवर दिसायचं आणि तिथूनच ती बंदही करता यायची. इस्त्री फिरवली तरी फोन यायचा. देवाला दिसत नसेल एवढं त्यांना दिसत होतं.

शेजारच्या खोलीत यशोदाबाई राहायच्या. परभणीकडच्या, छातीच्या दुखण्यानं पार खंगलेल्या, रात्री उशीला टेकून बसूनच झोपायच्या. मुलगा गणराज कंपनीत. त्यानं त्यांच्यासाठी श्वासाचं मशीन भाड्यानं आणलं आणि मालकांना रीतसर सांगितलं, "आईसाठी मशीन आणलंय, लाइट जरा जास्त लागंल."

मालकांना ते शिलाई मशीन वाटलं. म्हातारी आपल्या खोलीत धंदा मांडून बसलीय म्हणून पेटले. एका दुपारी, गणराज शिफ्टला असताना, त्यांनी मोबाइलवरून वीज तोडली. धडा शिकवायला! गणराजनं घरी येऊन दार उघडलं तेव्हा सगळं संपलं होतं. तो आईला गावी घेऊन गेला, परत आलाच नाही. मशीन ज्यांचं होतं ते घेऊन गेले. मालक म्हणाले, आयुष्यच तेवढं होतं. आग लागो त्या जिभेला.

कुलूपबंद खोलीचं मीटर मात्र, वीज परत जोडल्यापासून, पळतच राहिलं. मालकांनी आळ माझ्यावर घेतला.

"पूनमबाई, तुमीच तार वढलीया. गुरुवारी येऊन बघतो. घावली तर खोली खाली करायची."

"मालक, वर्षालीची दहावी आहे हो. पोरीला घेऊन आत्ता कुठे जाऊ?"

"त्ये मला ठावं न्हाई."

गुरुवारी आमच्याकडे कंपन्यांना सुट्टी, आणि दुरुस्तीसाठी वीजही बंद. मालक भर दुपारी आले. जिन्याखालच्या बोर्डावर सगळी मीटरं मेलेली होती. एकाचाच लाल दिवा लुकलुकत होता... यशोदाबाईंच्या.

त्यांनी कुलूप काढलं. आत औषधाचा कोंदट वास. खोली रिकामी, भिंतीवरचा प्लग मोकळा. आणि कोपऱ्यातून आवाज येत होता. घर्र... फुस्स... घर्र... फुस्स...

"कोन हाय रं?" म्हणत मालकांनी सवयीनं मोबाइल काढला आणि बंदचं बटण दाबलं.

आवाज थांबला. मग त्या सामसुमीत कुणीतरी श्वास ओढायला लागलं. ओढतच राहिलं... मला वाटलं मालकच. पण त्यांचं तोंड घट्ट मिटलेलं होतं.

"चालू करा..." मी म्हणाले. "पाया पडते मालक... चालू करा!"

त्यांनी बटण दाबलं. घर्र... फुस्स...

बाहेर येऊन ते मटकन पायरीवर बसले. "ऱ्हावा तुमी, पूनमबाई. ही खोली बी घ्या. भाडं नगं. फकस्त रिकामी ठिवू नगा."

मी घेतली. आमच्यासारख्यांना भुतापेक्षा भाड्याचं भय मोठं. शिवाय मला वाटलं, यशोदाबाई पोरीचं काय वाईट करणार? वर्षालीला अभ्यासाला निवांत जागा झाली. ती खूश होती, तिथेच झोपू लागली.

हल्ली ती आडवी होत नाही. मांडीवर उशी घेते, तिच्यावर कोपरं टेकते आणि बसूनच डोळे मिटते. विचारलं तर म्हणते, "आडवं झालं की दम लागतो गं, आई."

डॉक्टरांनी छाती तपासली. पोरगी ठणठणीत आहे म्हणाले.