उजवा पाय मागे का राहिला?

सलवारीचा उजवा पाय जमिनीवर लोळायला लागला, तेव्हा चैतालीला आधी शिंप्याचाच राग आला. पण दुसऱ्या सलवारीचंही तेच! मग ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. कंबर उजवीकडे बोटभर खाली होती.

लहानपणी उजव्याच गुडघ्याच्या वर, मांडीच्या हाडात, गाठ झाली होती. किरणोपचारांनी (शक्तिशाली किरणांचा मारा करून) ती घालवली होती. परत आली असेल तर? चैताली सलवारीचा पाय आतून दुमडून घालू लागली. पण खो-खो खेळताना लंगडणारी लेक बाबांच्या नजरेतून सुटली नाही. त्यांनी तिला सांगलीच्या रुग्णालयात नेलं.

तिथे रुजू नावाच्या यंत्रमानवाने तिच्या पायांचं चित्र हवेत उभं केलं.

"गाठ परत आली?" तिने एका दमात विचारलं.

"नाही. गाठ कुठेही नाही. हा उपचारांचाच परिणाम आहे."

"पण उपचार तर मी चार वर्षांची असताना झाले!"

"किरण पेशींमधला डीएनए (पेशीला तिचं काम सांगणारा धागा) तोडतात. गाठीतल्या पेशी भराभर एकीच्या दोन होतात. तुटलेला धागा सांधायला त्यांना उसंत मिळत नाही आणि त्या मरतात. हाडाच्या टोकाशी वाढपट्टी (नवं हाड तयार करणारा मऊ थर) असते. तिथल्या पेशीही अशाच घाईच्या. गाठ शेजारीच होती, त्यामुळे त्यांनाही मार बसला."

"मग पाय तेव्हाच आखूड का नाही झाला?"

"तो आखूड झालाच नाही. त्याची वाढ मंदावली. डावा वाढत राहिला. तू उंच होत गेलीस, तसं अंतर दिसू लागलं."

चैताली बाबांकडे वळली. "तुम्हाला माहीत होतं?"

"डॉक्टरांनी सांगितलं होतं," बाबा हळूच म्हणाले. "तेव्हा तू जगावीस, एवढंच डोक्यात होतं. नंतर सांगायचा धीर झाला नाही."

रुजूने पुढचं सांगितलं. सध्या उजव्या बुटाचा तळ उंच करायचा. अंतर वाढलं, तर डाव्या पायाची वाढपट्टी शस्त्रक्रियेने थांबवायची, म्हणजे ते आणखी वाढणार नाही. आता नव्या रुग्णांसाठी गाठीपाशीच थांबणारे प्रोटॉन किरण आले आहेत, त्यामुळे शेजारच्या भागाला कमी इजा होते.

"किरणांचे आणखी काही परिणाम उशिरा दिसतात का?" तिने विचारलं.

"काही दिसू शकतात. म्हणून दरवर्षी तपासायचं."

चैतालीने खुर्ची पुढे ओढली. "मग सगळे सांग. बाबा, तुम्हीही बसा. आता दोघांनी मिळून ऐकायचं."