एकट्याला भाड्याने नाही

हार्लन क्रीक गावाबाहेर, गालिच्यांच्या जुन्या गोदामात, आठ लेनची ती बंदिस्त शूटिंग रेंज होती. व्हर्ना स्टॅडलर तिथं सोळा वर्षं देखरेखीला होती. गिऱ्हाइकानं आणलेल्या गोळ्यांवर ती लोहचुंबक फिरवायची; चिकटली की गोळी परत, कारण पोलाद मागची भिंत फोडतं. दोन बारांमध्ये एक सेकंद गेलाच पाहिजे. लाल दिवा लागला की पिस्तूल रिकामं करून टेबलावर आणि माणूस पिवळ्या पट्टीमागं. आत असलेल्या प्रत्येकाच्या कानांवर आवाज रोखणारे मफ हवेतच. हे सगळं भिंतीवर लिहिलेलं होतं. एक नियम तेवढा लिहिलेला नव्हता. एकट्या आलेल्या माणसाला पिस्तूल भाड्यानं द्यायचं नाही, जोडीला कुणीतरी हवं. एकटी येणारी काही माणसं परत जायला आलेली नसतात, हे तिथं काम करणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होतं.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी दुपारी एमेट क्रोल नावाचा साठीचा माणूस काउंटरपाशी आला. गुळगुळीत दाढी केलेली, शर्टाला कडक इस्त्री.

"पिस्तूल हवंय. अर्धा तास."

"सोबत कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग जमायचं नाही."

"अहो बाई, चाळीस वर्षं हरणं मारतोय मी."

"मग घरची बंदूक आणा की."

"पोरीनं सगळ्या उचलून नेल्या." बोलून गेला आणि त्यानं ओठ मिटले.

व्हर्नानं कॉफी पुढं केली, पोरीचा फोन नंबर मागितला. त्यानं तो मुकाट्यानं कागदावर लिहून दिला आणि बाहेर निघून गेला. तिला चैन पडेना. तिनं दोनदा दारातून डोकावून पाहिलं. तो आपल्या ट्रकमध्ये नुसता बसून होता. तिनं पोरीला फोन लावला, निरोप ठेवला. तेवढ्यात दोन नंबरच्या लेनमध्ये कुणाचं तरी पिस्तूल अडकलं म्हणून ती आत गेली. सगळी मिळून दहा मिनिटं.

परतली तेव्हा काउंटरवर डेल्बर्ट योस्ट होता. हा निवृत्त पोस्टमन, आता इथं तिचा मदतनीस, बोलघेवडा. पाच नंबरच्या लेनची पाटी खुंटीवर नव्हती.

"पाच कुणाला दिलीस?"

"इस्त्रीवाल्या साहेबांना."

"डेल्बर्ट! तो एकटा आहे!"

"एकटा कुठला? बाई आहेत ना बरोबर. पिवळा रेनकोट. जोडीनं आले."

व्हर्ना काचेपाशी गेली. आत एमेट पाठमोरा, एकटाच.

"कुठाय बाई?"

"ती काय, मागच्या बाकावर."

बाक रिकामा होता.

"थट्टा नकोय मला."

"थट्टा कसली? डोळे तपासून घे तू." पण तिचा चेहरा पाहून डेल्बर्टचं हसू विरलं.

व्हर्नानं लाल दिव्याचं बटण दाबलं. बार थांबले. माणसं मागं सरली.

एमेट सरला नाही.

ती आत शिरली. बंदुकीच्या दारूचा जळका वास, पायांखाली काडतुसांच्या पुंगळ्यांची खळखळ. त्याचा पिस्तुलाचा हात अर्धवट उचललेला होता आणि तिथंच अडकला होता. सगळा खांदा जोर लावत होता. हात वर जात नव्हता.

तिनं हळूच पिस्तूल काढून घेतलं. त्याची बोटं आपोआप सुटली.

"तीन वेळा," तो पुटपुटला. "तीन वेळा हात धरला तिनं."

पिवळ्या पट्टीमागं उभी असलेली दुसऱ्या लेनमधली एक तरणी बाई अंग चोरून बाजूला झाली. "सॉरी हं," म्हणाली. तिच्यासमोर कुणीच नव्हतं.

सव्वादोनला एमेटची पोर धावत आली. बापाच्या छातीवर डोकं टेकून किती तरी वेळ रडली. निघताना व्हर्नानं त्याला हळूच विचारलं, "तुमची बायको होती का ती?"

"बायको घरी आहे माझी," तो म्हणाला. "ही कोण, मला नाही माहीत."

ट्रक गेल्यावर डेल्बर्ट बराच वेळ दाराकडं बघत राहिला.

"व्हर्ना, बाहेर फक्त बापलेक पडले. त्या बाई नाही."

तिनं पाच नंबरची पाटी परत खुंटीवर अडकवली.

गुरुवारी सकाळी व्हर्ना रेंज उघडायच्या तासभर आधी आली. सरावाला, असं तिनं स्वतःला सांगितलं. तिची झोप मार्चपासूनच उडाली होती. कालच तिनं मांजर शेजारणीकडं पोचवलं होतं, आणि कशासाठी, ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

एक नंबरची लेन. तिनं मॅगझिन भरलं. कानांवर मफ चढवले. पिस्तूल उचललं.

मनगटाला गार लागलं.

भिंतीवरचा स्पीकर खरखरला. डेल्बर्ट कॉफी घेऊन नुकताच आला असावा. काचेतून त्यानं नीट पाहिलं नसावं; आवाज मजेत होता.

"व्हर्ना, नियम तुलाही आहेत बरं का! त्या बाईंच्या कानाला काहीतरी दे. तशाच बसल्यात बिचाऱ्या."